रीफ, कार्बन आणि आंग्रिया बँक: मागचा इतिहास

आंग्रिया बँकेचा, म्हणजे अरबी समुद्रातल्या पाण्याखालच्या प्रवाळ-पठाराचा, विषय निघाला की हल्ली गोव्यात एक वाक्य ठरलेलं, प्रवाळ वाचवा कारण ते कार्बन साठवतात. वाचवा हे शंभर टक्के बरोबर. कारणाचं मात्र तीसेक वर्षं भिजत घोंगडं आहे.

त्याआधीचं फार सांगत बसत नाही. १८९९-१९०० ला लक्षद्वीप-मालदीवमध्ये मोहीम झाली, १९३३-३४ ला इजिप्तचं जहाज अरबी समुद्र पालथा घालून गेलं, मग साठच्या दशकातली मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम आणि तिच्यातूनच १९६६ ला आपल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था. तेव्हा भर जीव गोळा करून याद्या करण्यावर, कार्बनचं कोणाला पडलेलं नव्हतं.

खरा वाद नव्वदीतला. प्रवाळ चुनखडीचा सांगाडा बांधतात म्हणजे कार्बन बंदिस्त होतो असं वाटतं, पण ती क्रिया होताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, समुद्राच्या पाण्यात चुनखडीच्या एका रेणूमागे साधारण ०.६ या हिशोबाने. म्हणून १९९२ ला काहींनी सरळ मांडलं की रीफ, म्हणजे प्रवाळांनी बांधलेले खडक, कार्बन सोडतात. १९९५ ला जपानमधल्या एका रीफवर मोजून दुसऱ्यांनी नेमकं उलटं सांगितलं, की शोषतात. मग जी जुंपली ती बरीच वर्षं, आणि बरंचसं यावर अवलंबून की तुम्ही यंत्र कुठे टाकलं, जिवंत प्रवाळावर की बाजूच्या गवत-शेवाळाच्या उथळ पट्ट्यात.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. लगूनच्या, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्याच्या, तळात पाइप ठोकून गाळाचा कोअर, म्हणजे उभा नमुना, काढायचा, त्याच्या चकत्या करून वाळवायच्या आणि वर आम्ल टाकायचं. रीफचा गाळ असा फसफसतो की बोलायची सोय नाही. तो सगळा चुना उडवून उरतो तो सेंद्रिय कार्बन, हिशोबात धरायचा तो हाच. ही पायरी गाळली तर आकडा भलताच फुगतो.

'ब्लू कार्बन', म्हणजे किनारी-सागरी वनस्पती आणि त्यांच्या चिखलात साठणारा कार्बन, हे नाव २००९ चं. मग २०१३ ला देशांनी उत्सर्जन कसं मोजायचं याची जी मार्गदर्शिका आली तिच्यात खारफुटी, खाऱ्या दलदली आणि सागरी गवत घेतलं, रीफ नाही. रीफवाले अजून कुरकुरतात, पण माझ्या मते निर्णय योग्यच होता. कार्बनच मोजायचा तर चोडणच्या खारफुटीतला चिखल मोजा ना. रीफला त्यात कोंबलं की एक दिवस कोणीतरी ०.६ चा आकडा काढणार आणि म्हणणार, मग वाचवायचं कशाला?

अर्थात रीफ गेलं की गवताचंही खरं नाही, कारण लाटा अडवून लगून शांत ठेवतं ते रीफच. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असं ब्लीचिंग, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडणं, झालं, आणि अगत्तीच्या लगूनमधलं गवत हिरव्या कासवांनी चरून संपवलं, त्यावरून मच्छीमार कासवांवर खार खाऊन आहेत ते वेगळंच.

आंग्रियाचं घोडं मात्र कायद्यात अडलंय. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पण त्या कायद्याचा हात १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आणि ही बँक विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली तिला संरक्षण द्यायचा प्रस्ताव पुढे आला.