जुन्या गाडीचा क्लच : गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे पाहा

अ‍ॅम्बेसेडर असो, प्रीमियर पद्मिनी असो की पहिल्या काळातली मारुती ८००; परतवाड्याला आमच्या गॅरेजात अशी गाडी आली की मालकांचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं : "क्लच गेला, प्लेट टाकून द्या." जरा थांबा. नवी प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचची चकती) टाकायची म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यायचा, त्याची मजुरी द्यायची आणि चांगल्या सामानासाठी अमरावती-नागपूर पालथं घालायचं. त्याआधी अर्धा तास काढा. बरंच काही घरच्या अंगणातच कळतं.

सुरुवात पेडलपासून. ते पायाने नको, हाताने दाबा. आधीचे दोन-अडीच सेंटीमीटर सैल जायला हवेत, मग जोर लागायला हवा. नेमकं माप गाडीप्रमाणे थोडं बदलतं. तारेवरच्या क्लचला, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढतं तिथे, ही ढील उरली नसेल तर प्लेट पूर्ण आवळली जात नाही आणि क्लच स्लिप मारतो, म्हणजे इंजिन फिरतं पण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. ढील फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. दोन्ही वेळा आधी तार आवळून किंवा सैल करून पाहायची, प्लेटचा विचार नंतर.

स्लिप ओळखायला चिखलदऱ्याच्या घाटासारखी जागा नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी तिथल्या तिथेच रेंगाळली आणि जळका वास आला, तर क्लच स्लिप होतोय. पण का होतोय, हे विचारल्याशिवाय प्लेट बदलू नका. एका संत्रा बागायतदारांची अ‍ॅम्बेसेडर आमच्याकडे आली, तेव्हा दुसरीकडे नवी प्लेट टाकून दोनच महिने झाले होते. उघडली तर नवी प्लेट ऑईलने काळी-चिकट. इंजिनाच्या मागून ऑईल गळत होतं, ते कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या खाली डाग दिसला, तर आधी गळती, मग प्लेट. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तरीही हाच पुठ्ठा टाका.

गिअर पडताना कर्रकर्र होते? गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून मनात दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. दात घासले तर क्लच सुटत नाही. आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीतही अडत असतील तर दोष क्लचचा नाही, बहुधा गिअर लीव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यांचा आहे. स्टिअरिंगजवळ गिअर असलेल्या गाड्यांत त्या सांध्यांची झीज नेहमीची. तेलावरच्या क्लचमध्ये, म्हणजे पेडलचा दाब तेलातून पोचतो तिथे, दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलं आहे. क्लचच्या तेलाच्या डबीत ब्रेक ऑईलच घाला. इंजिन ऑईल घातलं की रबर फुगतं आणि पुढचा खर्च वाढतो. हे आम्ही हात जोडून सांगतो.

आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये असते आणि दाबल्यावर थांबते, तर बहुधा गिअरबॉक्सचं बेअरिंग.

पावसाळाभर गोठ्याच्या पडवीत उभी राहिलेली गाडी दिवाळीला सुरू केली आणि क्लच दाबूनही गिअर पडला नाही, तर घाबरू नका. गंजाने प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) चिकटलेली असते. जोरजबरी न करता आम्हाला फोन करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून क्लच चार-पाच वेळा दाबला तरी हा त्रास टळतो.

काळ्या मातीत, पांदण रस्त्यावर चाक फसलं, तर अर्धा क्लच धरून इंजिन रेटत बसू नका. नवी प्लेटसुद्धा तिथे काही मिनिटांत जळते. ट्रॅक्टर बोलवा.

गाडी आणताना हे पाहिलेलं आम्हाला सांगा : आवाज कधी होतो, चढावर काय होतं, पुठ्ठ्यावर काय पडलं. पुठ्ठाही सोबत आणा.