कुमार-कादंबरीतील अवघड विषय

साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीत (इंग्रजी प्रकाशनव्यवहारातले नाव ‘यंग अ‍ॅडल्ट’, बोलण्यात ‘वायए’) मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, व्यसन, घरातली मारहाण, मानसिक आजार असे विषय हाताळण्याची रीत. विषय किती भयंकर आहे यावर अशा पुस्तकाचा कस लागत नाही. घटना कथानकात कुठे बसवली, तिच्यातले पानावर किती आणले आणि सांगणाऱ्या मुलाला त्या क्षणी किती कळते, यावर तो लागतो.

अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात बहुधा एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’पासून (१९६७) धरतात. टोळ्यांची मारामारी आणि खून असलेले हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका १८ वर्षांची होती. रॉबर्ट कॉर्मियर यांच्या ‘द चॉकलेट वॉर’मध्ये (१९७४) शाळेसाठी चॉकलेट विकायला नकार देणारा मुलगा शेवटी मार खाऊन हरतो. शेवट बदला, असे अनेक प्रकाशकांनी सुचवले. कॉर्मियर यांनी ऐकले नाही. त्याच दशकात ‘एक पुस्तक, एक प्रश्न’ अशा कादंबऱ्यांचे पीक आले. त्यांतल्या बऱ्याचशा आज कुणी वाचत नाही. पात्राला त्या प्रश्नापलीकडे आवडनिवड, चेष्टामस्करी, गृहपाठ असे काही नसले की पुस्तक माहितीपत्रक होते.

तंत्र जवळून पाहायचे तर लॉरी हाल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ (१९९९) घ्यावी. नववीत गेलेल्या मेलिंडाशी शाळेत कुणी बोलत नाही, कारण सुट्टीतल्या पार्टीत तिने पोलिसांना फोन केला होता. फोन का केला, हे तिने कुणालाच सांगितलेले नाही. वाचकालाही बराच काळ सांगत नाही. बलात्कार कथा सुरू होण्याआधीच घडून गेला आहे. पानावर दिसतात ते त्याचे माग: चावून सोललेले ओठ, सफाई कामगाराच्या अडगळीच्या खोलीत लपून काढलेले तास, तिथला झाकून टाकलेला आरसा, चित्रकलेच्या वर्गात वर्षभर न जमणारे एक झाड. पुस्तकाचे भाग शाळेच्या चार परीक्षाकालांप्रमाणे पाडले आहेत आणि मधे मधे प्रगतिपुस्तक येते. मुलगी कोसळते आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, गुण सांगतात. प्रत्यक्ष प्रसंग येतो तेव्हा तो थोडक्यात आटोपतो आणि तिच्याच तुटक शब्दांत येतो. बघ्याच्या नजरेने शरीराचे वर्णन होत नाही. अत्याचाराचा प्रसंग फसतो तो बहुतेक वेळा इथेच. लेखकाची नजर नकळत अत्याचार करणाऱ्याच्या जागी जाऊन उभी राहते.

व्यसनाच्या बाबतीत उलट चूक होते. पहिल्या झुरक्यालाच सर्वनाश दाखवला की १५ वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो; त्याने आजूबाजूला वेगळे पाहिलेले असते. मेल्विन बर्जेस यांच्या ‘जंक’मध्ये (१९९६) घर सोडून ब्रिस्टलला गेलेल्या मुलांना हेरॉइन आधी खरोखर आवडते. निवेदक बदलत राहतात, त्यामुळे ‘मी कधीही सोडू शकतो’ हे एकाचे वाक्य दुसऱ्याच्या प्रकरणात खोटे पडते. उपदेश करायला तिसरे कुणी लागत नाही.

सगळ्यात जोखमीचा विषय आत्महत्येचा. जे अ‍ॅशर यांच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’मध्ये (२००७) मृत मुलगी कॅसेटमधून १३ कारणे सांगते. तिचा मृत्यू पुस्तकात प्रत्यक्ष घडताना दिसत नाही. २०१७ च्या नेटफ्लिक्स मालिकेने तो सविस्तर दाखवला, मानसोपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि २०१९ मध्ये तो प्रसंग काढून टाकण्यात आला. पण रचनेतला दोष तेवढ्याने जात नाही: मेल्यानंतरच मुलीचे सगळे ऐकतात, म्हणजे मरण हा आपले म्हणणे पोचवण्याचा मार्ग ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना माध्यमांसाठी असल्या तरी कादंबरीकारालाही कामाच्या आहेत. पद्धत आणि जागा वर्णू नये, एकच कारण जोडू नये, मृत्यूला सुटकेचे रूप देऊ नये. ‘नापास झाल्याने आत्महत्या’ या मथळ्यावर वाढलेल्या आपल्या लेखकाला यातली दुसरी सूचना सर्वांत जड जाते.

संपादनात काय गाळायचे, हे विषयागणिक बदलते. खाण्याच्या विकारावरच्या हस्तलिखितातून वजनाचे आकडे, कॅलरी, कपड्यांचे माप काढतात, कारण आजारी वाचक त्या आकड्यांशी स्पर्धा करतो. स्वतःला इजा करण्याच्या प्रसंगात हत्यार आणि कृतीचा क्रम जातो; नंतरची लाज आणि उन्हाळ्यातही ओढलेल्या लांब बाह्या राहतात. बरे होणेही मापात लागते. समुपदेशकाकडे एकच फेरी किंवा प्रेमात पडून आजार गेला, ही ठरलेली पळवाट. मोठ्या माणसांचेही तसेच. सर्व काही सोडवणारी शिक्षिका खोटी वाटते आणि एकही ऐकणारे माणूस नसलेले जगही खोटेच. मधला, थोडा चुकणारा पण ऐकून घेणारा एखादा मोठा माणूस पुरतो.

मराठीत दुःख मुलांपासून लपवलेले नव्हते. ‘श्यामची आई’त (१९३५) दारिद्र्य आणि आईचा मृत्यू सरळ येतात. १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. तरीही मधल्या वयाचे वेगळे कपाट आपल्या वाचनालयांत सहसा नसते. बालविभाग संपला की एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतला मुलगा सांगतो, पण ती पोचली मोठ्यांची कादंबरी म्हणून.

अमेरिकी साचा इथे उचलून आणताना कायदा आडवा येतो. तिकडच्या कथेतली भली शिक्षिका मुलीचे गुपित पोटात ठेवते, ही इथल्या लेखकांना नेहमी भुरळ घालणारी कल्पना. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळेत घडणाऱ्या कादंबरीत ‘बाईंना सांगितले’ या वाक्याने गोष्ट मिटत नाही. त्यापुढे ठाणे, जबाब, वैद्यकीय तपासणी आणि ‘कशाला बोभाटा’ म्हणणारे घर येते. लेखकाला ते लिहावे लागते, नाहीतर बाईंनी कायदा का मोडला हे तरी दाखवावे लागते. अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर १०९८ (मुलांसाठी) आणि १४४१६ (टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा) हे क्रमांक छापायला चार ओळींची जागा लागते.