कात अडकली तर : पाळीव साप सांभाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

काचपेटी, हीट मॅट (पेटीला ऊब देणारी चटई), थर्मोस्टॅट किंवा कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) नेण्यासाठी आमच्या दुकानात येणारे ग्राहक बहुतांशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले आहेत. त्यांच्याकडून वारंवार येणारी एक तक्रार अशी की, समुद्रकिनाऱ्याला राहूनही सापाची कात अखंड निघत नाही; ती कोरडी पडते, तुकड्यातुकड्यांनी सुटते आणि शेपटीला किंवा डोळ्यांवर चिकटून राहते. जुलै महिन्यात जिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे सापाला ओलावा कमी पडतो हे सहजासहजी पटत नाही. परंतु खिडकीबाहेरची हवा आणि पेटीच्या आतली हवा यांत बरेच अंतर असते, आणि कात अडकण्याचे मूळ बहुधा त्या अंतरातच सापडते.

पुढील माहिती बॉल पायथन, कॉर्न स्नेक यांसारख्या परदेशी आणि बिनविषारी सापांपुरतीच आहे. आपल्या परिसरात आढळणारे नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून त्यांना पकडणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. ‘पिल्लू सापडले म्हणून चार दिवस ठेवले’ ही सबब तिथे चालत नाही. बॉल पायथन हा साइटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची नोंद ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करावी लागते. ती झालेली नसेल, तर कातीच्या आधी तिचा विचार करावा.

ओलावा जातो कुठे

हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते, आणि म्हणून हवेत पाणी तेवढेच असूनही सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या क्षमतेच्या किती टक्के पाणी हवेत आहे ते प्रमाण, घटते. खोलीतील तापमान २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, आणि दिव्याने किंवा मॅटने पेटीचा उबदार भाग ३२ अंशांपर्यंत नेला, तर त्या भागातील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर येते. बॉल पायथनला हे प्रमाण चालण्यासारखे आहे. खरी अडचण वातानुकूलित खोलीत येते. एसी हवा थंड करताना तिच्यातील पाणीही काढून घेतो. अशा खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३२ अंशांवर गेल्यावर जेमतेम ३१ टक्के ओलावा उरतो. एप्रिल-मे महिन्यांत घरातली माणसे रात्रभर एसी लावून झोपतात आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात सापाची पेटी असते. अशा वेळी बाहेर कितीही घाम येत असला, तरी साप मात्र कोरड्या हवेतच राहत असतो. दुसरा अवघड काळ थंडीचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत घाटाकडून कोरडे वारे उतरतात आणि नेमका तेव्हाच पेटीतील उष्णता वाढवावी लागते.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप असून तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून राहतो. तिथला भूभाग वरून रखरखीत दिसला, तरी बिळातली हवा दमट असते. त्याच्यासाठी एरवी ५५ ते ६५ टक्के आणि कात टाकण्याच्या दिवसांत ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखावी. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला; त्याला ४० ते ६० टक्के पुरते, कातीच्या वेळी थोडी अधिक.

हे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. काट्याचे स्वस्त आर्द्रतामापक फारसे विश्वासाचे नसतात, आणि आम्ही स्वतः ते विकणे बंद केले आहे. डिजिटल घ्यावे आणि त्याचा संवेदक पेटीच्या छताला न लावता साप जिथे पडून असतो त्या उंचीवर लावावा. मापक बरोबर दाखवते की नाही हे घरीच तपासता येते. बाटलीच्या बुचात दोन चमचे मीठ घेऊन त्यात ते भिजून चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते बूच आणि मापक हवाबंद डब्यात एकत्र ठेवून आठ-दहा तास डबा उघडू नये. अशा बंद डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक वाचनात ७ मिळवावेत.

कात येण्याची चिन्हे

सापाचा रंग प्रथम मळकट होतो आणि पोटाकडची बाजू गुलाबी छटा धरते. त्यानंतर जुन्या आणि नव्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव साठतो, आणि त्यामुळे डोळे निळसर दुधाळ दिसू लागतात. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही; एरवी शांत असणारा सापही हात जवळ गेला की फूत्कार टाकतो किंवा चावायला धावतो. त्याला हाताळू नये आणि खाणे देण्याचा आग्रहही धरू नये, कारण बरेच साप या काळात स्वतःहून उपाशी राहतात आणि धडधाकट सापाचे त्यामुळे काही बिघडत नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. इथे अनेकांची गफलत होते. डोळे निवळले म्हणजे कात निघून गेली असावी, किंवा या खेपेला टळली असावी, असे समजून ते पेटीतला ओलावा कमी करतात. प्रत्यक्षात कात त्यानंतर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने निघते आणि ओलाव्याची सर्वाधिक गरज याच दिवसांत असते. पिल्ले साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतात, मोठे साप दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा.

सुरुवात ओठांपासून होते. साप तोंड कशावर तरी घासून ओठांच्या कडेची त्वचा मोकळी करतो आणि मग पुढे सरकत राहतो; कात मागे उलटी होत जाते, उशीचा अभ्रा उलटा करून काढावा तशी. त्यासाठी पेटीत खरखरीत काहीतरी हवे. कोकणात यासाठी जांभ्याच्या दगडासारखी सोयीची वस्तू नाही. विटेच्या अर्ध्या आकाराचा तुकडा घेऊन त्याच्या धारदार कडा दुसऱ्या दगडावर घासून बोथट कराव्यात, लाल माती निघणे थांबेपर्यंत तो ब्रशने धुवावा, पाण्यात उकळावा आणि उन्हात पूर्ण वाळवून मगच पेटीत ठेवावा. तो तळाच्या काचेवर थेट बसवावा. कोकोपीटवर ठेवलेला दगड साप खाली शिरल्यास त्याच्या अंगावर कलंडू शकतो.

ओली गुहा

संपूर्ण पेटी ओलीचिंब करण्यापेक्षा तिच्यात एकच दमट जागा करून द्यावी आणि केव्हा जायचे ते सापावर सोडावे, हे आमचे ठाम मत आहे. साप आत वेटोळे घालून जेमतेम मावेल असा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्याच्या बाजूला सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट भोक पाडून कड सँडपेपरने घासावी, आणि आत भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) किंवा कोकोपीट भरावे. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. डबा पेटीच्या उबदार आणि थंड भागांच्या सीमेवर ठेवावा आणि आतला भराव दर तीन-चार दिवसांनी बदलावा, नाहीतर बुरशी धरते.

कोकोपीट इथे मुबलक मिळते, परंतु किनारपट्टीवर नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवण्याची पद्धत आहे आणि अशा मालात मीठ राहते. म्हणून सुटे कोकोपीट गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून, पिळून ते पाणी टाकून द्यावे. पेटीचे झाकण जाळीचे असल्यास त्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग झाकावा आणि पाण्याचे भांडे पसरट ठेवावे.

कात अडकल्यावर

अंगावर कातीचे तुकडे राहिलेले दिसले, तरी लगेच हात लावण्याची घाई नको. ओली गुहा तयार करून सापाला एक दिवस द्यावा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. न झाल्यास हवेसाठी भोके पाडलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सुमारे ३० अंश तापमानाचे पाणी घ्यावे. हे तापमान थर्मामीटरने मोजावे, कारण ३० अंशांचे पाणी आपल्या हाताला जेमतेम कोमट, किंबहुना किंचित गार लागते. हाताला छान ऊन वाटणारे पाणी सापाला भाजू शकते. पाण्याची खोली सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकीच असावी. वीस ते तीस मिनिटे साप त्यात राहू द्यावा आणि तेवढा वेळ आपण शेजारीच बसावे.

नंतर एक जुना सुती पंचा कोमट पाण्यात भिजवून पिळावा, त्याची सैल घडी दोन्ही हातांत धरावी आणि सापाला तिच्यातून सरपटत जाऊ द्यावे. पंच्याचा खरखरीतपणा आणि सापाची स्वतःची हालचाल यांनीच कात सुटते, आपण केवळ हलका दाब ठेवायचा असतो. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे असावी. उलट दिशेने ओढल्यास खवले उचकटतात. कात सुटत नसेल तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावे. कोरडी कात नखाने सोलू नये. खालची नवी त्वचा कोवळी असते, तिला जखम झाली की तिथे जंतुसंसर्ग होतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी कात त्याच व्रणावर अडकते. आपल्याकडे कोणत्याही कोरड्या गोष्टीवर खोबरेल तेल चोळण्याचा प्रघात आहे, तो इथे मात्र टाळावा. तेलाने कात मऊ पडण्याऐवजी अंगाला चिकट थर बसतो, त्यावर कोकोपीटचा भुसा जमतो आणि पाणी कातीपर्यंत पोहोचतच नाही.

निघालेली कात फेकून देण्यापूर्वी ती टेबलावर ओली करून पसरावी आणि दोन ठिकाणी पाहावी. सापाला पापण्या नसतात. त्याच्या प्रत्येक डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. कातीच्या डोक्याच्या भागात भिंगासारखे दोन गोल, फुगीर, स्वच्छ तुकडे दिसले पाहिजेत. त्यांच्या जागी भोक असेल, तर खवला सापाच्या डोळ्यावरच राहिला आहे. दुसरी जागा शेपटीचे टोक. कात टोकाशी बंद आणि निमुळती असावी. ती कड्यासारखी उघडी संपत असेल, तर उरलेला भाग शेपटीवर आहे. तो वाळून आवळत जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळे पडून झडते. शेपटीवर एकावर एक दोन-तीन कातींची कडी साचलेली पिल्ले पाहण्यात येतात.

डोळ्यावर राहिलेला खवला चिमट्याने, चिकटपट्टीने किंवा कापसाच्या काडीने उचकटण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खालचा जिवंत थर त्याबरोबर फाटला, तर डोळा कायमचा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी. तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही खवले बहुधा एकत्र सुटतात. डोळा सुजला, खोल गेला किंवा दोन वेळा कात टाकूनही खवला तसाच राहिला, तर पशुवैद्याकडे जावे.

पावसाळ्यातील उलटी चूक

जून ते सप्टेंबरमध्ये याच्या नेमके विरुद्ध घडते. हवा आधीच ओथंबलेली, त्यात वीज जाऊन मॅट तासन् तास थंड, आणि सापाला ओलावा हवा म्हणून ग्राहक पेटीत पाण्याचे फवारे मारत राहतात. सतत ओल्या तळावर पडून सापाच्या पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग व फोड येतात; थंड आणि दमट हवेत श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन तोंडाशी बुडबुडे दिसू लागतात. या महिन्यांत फवारा बंद ठेवावा, तळ कोरडा ठेवावा आणि ओलावा फक्त गुहेत असावा.

पशुवैद्याकडे केव्हा जावे

आर्द्रता योग्य असूनही लागोपाठ कात अडकत असेल, तर कारण सापाच्या प्रकृतीत शोधावे लागते: पाण्याची कमतरता, कुपोषण, जुनी जखम किंवा माइट्स. माइट्स म्हणजे सापाचे रक्त शोषणारे, खसखशीपेक्षाही बारीक काळ्या ठिपक्यांसारखे दिसणारे कीटकसदृश जीव. ते हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात बुडालेले दिसतात, आणि त्यांनी ग्रासलेला साप तासन् तास पाण्यात बसून राहतो. घरातले ढेकूण-झुरळांचे औषध त्यावर मारू नये, त्याने सापच दगावतो.

सापांवर उपचार करणारे पशुवैद्य आपल्या भागात मोजकेच असल्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. सोबत निघालेली कात प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावी, मागील दोन-तीन कातींच्या तारखा आणि पेटीतील तापमान व आर्द्रतेच्या नोंदी कागदावर लिहून न्याव्यात. साप सुती पिशवीत घालून ती पिशवी भोके पाडलेल्या डब्यात ठेवावी, आणि हा डबा गाडीच्या डिकीत न ठेवता आपल्याजवळ, उन्हापासून व एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवावा.