'वासा'ची निळी बाजू: एक खुलासा

स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेची प्रतिकृती करताना वरच्या बाजूंना निळा रंग आणि कोरीव मूर्तींना सरसकट सोनेरी रंग द्यावा, हा समज प्रतिकृतीकारांमध्ये अजूनही टिकून आहे. तो चुकीचा आहे.

१० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले हे जहाज १९६१ मध्ये वर काढले, तेव्हा त्याचे ओक लाकूड काळपट पडले होते आणि रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. त्यामुळे सुरुवातीला निळ्या-सोनेरी सजावटीची कल्पना केली गेली, आणि तीच जुन्या चित्रांतून प्रतिकृतींत उतरली.

पुढे मात्र कोरीव कामाच्या खाचांत, केसांच्या वळणांत आणि वस्त्रांच्या चुण्यांत अडकून राहिलेले रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा पार्श्वभूमी लाल असल्याचे आणि मूर्तींचे चेहरे त्वचेच्या, तर वस्त्रे भडक रंगांत रंगवलेली असल्याचे दिसून आले. सोन्याचा मुलामा होता, पण निवडक ठिकाणीच. स्टॉकहोमच्या संग्रहालयातील १:१० प्रमाणाची, जवळपास सात मीटर लांबीची प्रतिकृती याच निष्कर्षांवर रंगवलेली आहे, आणि माझ्या मते रंगासाठी प्रतिकृतीच्या सुट्या भागांच्या खोक्यावरच्या चित्राऐवजी तिचीच छायाचित्रे समोर ठेवावीत.

१:१०० प्रमाणात मूर्तीचा चेहरा जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा होतो, हे खरे. तरीही सगळ्यांवर एकच सोनेरी हात फिरवला, तर कोरीव कामातला माणूसच पुसला जातो.