ठेका आणि चित्र नेमके कुठे भेटतात?

आवडत्या इलेक्ट्रॉनिक बँडचा शो असला की दारं उघडताच अर्धी गर्दी स्टेजच्या कठड्याकडे धावते. मी धावत नाही. महालक्ष्मी रेसकोर्ससारख्या मोकळ्या मैदानात मी साउंड कन्सोलच्या, म्हणजे ध्वनितंत्रज्ञ आवाज जुळवतो त्या टेबलाच्या, आसपास जागा धरतो. यात आळस थोडा आहे, पण भौतिकशास्त्र जास्त.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून मॅच बघणाऱ्यांना हे ठाऊकच असतं: आधी बॅट फिरते, ‘टक्’ मागाहून येतो. ३० अंशांच्या मुंबईकर हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून ३५ मीटरवर उभं राहिलं, की प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचणार. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अंतर अर्ध्या सेकंदाचं. त्यातला पाचवा हिस्सा हवेतच खर्च!

पण उशीर चित्रालाही होतो, आणि खरी गंमत तिथे आहे. व्हिज्युअल्स, म्हणजे पडद्यावरची हलती चित्रं, ठेक्याला बांधायच्या दोन मुख्य तऱ्हा. एक म्हणजे १९८३ पासून चालत आलेली मिडी पद्धत, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. ड्रम मशीन दर ठोक्याला २४ सूक्ष्म संकेत पाठवतं आणि ग्राफिक्सचा लॅपटॉप ते मोजत चालतो, त्यामुळे पुढचा ठोका कधी पडणार याचा त्याला आधीच अंदाज असतो. दुसऱ्या तऱ्हेत लॅपटॉप चालू गाणं ‘ऐकतो’ आणि फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या गणिताने त्यातले खर्ज आणि तार स्वर वेगळे काढतो. मेख अशी, की ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० आवर्तनांच्या, बासचं एकच आवर्तन पुरं व्हायला २५ मिलिसेकंद लागतात. निदान तेवढा आवाज हाती आल्याशिवाय तो ४० हर्ट्झचा आहे, हे नेमकं ठरवता येत नाही. म्हणून हाय-हॅटच्या (छोट्या झांजांच्या) तार आवाजावर उडणाऱ्या ठिणग्या चटकन उमटतात, तर किकवर (मोठ्या ड्रमच्या खर्ज ठोक्यावर) फुगणारं वर्तुळ जरा रेंगाळतं. त्यात एलईडी वॉलची यंत्रणाही एखाद-दुसरी फ्रेम अडवून ठेवते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद.

सगळं मिळून चित्राला ५० मिलिसेकंद उशीर धरा. तेवढ्यात आवाज १७ मीटर पुढे गेलेला असतो. त्या अंतराच्या अलीकडच्यांना आवाज आधी, पलीकडच्यांना चित्र आधी. दोघांची गाठ पडते ती १७ मीटरवर. मध्यम आकाराच्या शोमध्ये कन्सोलही फार लांब नसतो.

मग मागची गर्दी तक्रार का करत नाही? कारण मेंदू समजूतदार आहे, पण एकाच बाजूने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकांना जाणवतो. मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत कळतही नाही. निसर्गात आवाज कधी उजेडाला मागे टाकत नाही, तेव्हा अशी सवय लागली असावी. शिवाय कान डोळ्यांना चक्क फसवतात: २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रकाश एकदाच चमकला, पण सोबत दोन ‘बीप’ वाजल्यावर लोकांना तो दोनदा चमकल्यासारखा दिसला. स्ट्रोब लाइट नेमका तालात लखलखला असं आपण छातीठोक सांगतो, त्यात कानांचा वाटा किती, कोण जाणे.

कठड्याला चिकटणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा: स्पीकरजवळ अंगाला जास्त जाणवणारा बास. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑर्फेक्स या इलेक्ट्रॉनिक जोडीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झचा अतिखर्ज आवाज काढणारे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना प्रेक्षकांची हालचाल सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढली. २०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्वचा आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांनी ती कंपनं टिपली असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. नंतरच्या वेगळ्या चाचणीत, हे स्पीकर चालू आहेत की बंद, हे लोकांना ओळखताच आलं नाही.