दार ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागलं का? लॅच आणि डेडबोल्ट

दाराच्या आतल्या अंगाला बसवलेल्या कुठल्याही कुलपाला आपण सरसकट 'लॅच' म्हणतो आणि या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू खपतात. दार ओढलं की 'टक्' करून आपोआप बसतं ते लॅच. चावी किंवा आतली मूठ फिरवल्याशिवाय ज्याचा दांडा जागचा हलत नाही, तो डेडबोल्ट.

आपल्या दाराला काय आहे ते बघायचं तर दार उघडं ठेवून दांडा बाहेर काढा आणि अंगठ्याने दाबा. आत गेला तर त्यामागे स्प्रिंग आहे, टोकही तिरकं असेल. हा उतार सोयीसाठी असतो, दार लोटताना दांडा चौकटीवर घासून आपसूक आत सरकावा म्हणून. पण मुख्य दार आत उघडणारं असेल, तर तोच उतार बाहेरच्या बाजूला येतो. मग बाहेरून फटीत सारलेली लवचिक पट्टी चौकटीचंच काम करते, दांडा आत ढकलते. दार आणि चौकट यांच्यातली फट गरजेपेक्षा मोठी नको ती यासाठी.

बऱ्याच लॅचना बाहेरून चावीचा जादा फेरा देता येतो. तो दिला की दांडा अडकतो, अंगठ्याने दाबून जात नाही. दुधाची पिशवी आणायला खाली जाताना हा फेरा हमखास राहतो. काही लॅचना दांड्याशेजारी एक बारीक खुंटी असते. दार बंद झाल्यावर चौकटीवरची धातूची पट्टी (जिच्या भोकात दांडा शिरतो ती) तिला दाबून धरते आणि तेवढ्याने दांडा मागे जायचा थांबतो.

खुंटीचं हे काम बिघडतं ते बहुतेक पावसाळ्यात. लाकूड फुगतं, दार अडतं, दांडा भोकात बसेनासा होतो. सुतार येतो आणि कानशीने पट्टीचं भोक मोठं करून देतो. दार मस्त लागतं, पण आता दांड्याबरोबर खुंटीही भोकात जाऊन पडते. मग ती असून नसल्यासारखीच. भोकाला हात लावण्याआधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा, तरीही अडलं तर दाराच्या कडेला रंधा मारून घ्या.

डेडबोल्टला स्प्रिंगचा दांडा नाही, उतारही नाही, त्यामुळे फटीतून लवचिक पट्टी सारायची युक्ती त्यावर चालत नाही. त्याची दुखरी जागा चौकटीत असते. दांडा २५ मिमी बाहेर येत असेल तर चौकटीतलं भोक २७-२८ मिमी खोल हवं. ते कमी पडलं की दांडा अर्ध्यावर अडतो, आणि अर्धवट आलेला दांडा मागे ढकलता येऊ शकतो. चावी पूर्ण फिरत नसेल तर आधी भोकातला भुसा काढा.

लाथ किंवा पहारीपुढे कुलपाआधी त्याच्या समोरची पट्टी निखळते, कारण पाकिटातले स्क्रू जेमतेम २० मिमीचे असतात. चौकटीच्या जाडीला झेपतील तसे ५० मिमीचे घाला. आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर सागवान चिरतं. स्क्रू नुसत्या लाकडी पट्टीत नको, मूळ चौकटीत गेला पाहिजे.

दार ३० मिमीचं असेल तर आत कोरून बसवायचं कुलूप टाळा. १६ मिमीचा खाचा पाडला की दोन्हीकडे जेमतेम ७-७ मिमी लाकूड उरतं. पृष्ठभागावर बसणारा डेडबोल्ट तिथे बरा.

बाहेरून कडीकोयंड्याला टाळं लावून वर लॅच असेल, तरी 'कोयंडा उचकटून' ही बातमीतली ओळ आठवा. शिवाय ते टाळं घरात कुणी नाही हे जिन्यातूनच सांगतं.

दाराशेजारी काच असेल तर आतूनही चावीनेच उघडणारा डेडबोल्ट लावतात, म्हणजे काच फोडून मूठ फिरवता येत नाही. पण आग लागली तर घरातले अडकतील. म्हणून माणसं घरात असताना ती चावी काचेपासून हात पोचणार नाही अशा एकाच ठरलेल्या खिळ्याला, लहान मुलांच्याही उंचीवर, टांगलेली हवी.