शिवण बघा, नळी बघा: अमोनाइट आणि नॉटिलस

इंदुरात रामबागेतल्या आत्याच्या शोकेसमध्ये दोन चक्रं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एक तपकिरी, दगडासारखं जड. दुसरं पांढरं, तांबूस पट्ट्यांचं, अगदी हलकं. येणारे-जाणारे दोन्हींना शंखच म्हणतात. ज्याने थोडंफार वाचलेलं असतं तो सांगतो, "हा जुना अमोनाइट, आणि हा नॉटिलस त्याचाच वंशज." हे दोन्ही चूक आहे. अमोनाइट म्हणजे कधीच नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी, त्याचे फक्त जीवाश्म उरलेत; नॉटिलस मात्र आजही समुद्रात आहे.

शंखाची पोकळी आतून सलग असते. या दोघांत मात्र पडदे असतात आणि पडद्यांमुळे कप्पे पडतात. प्राणी राहतो तो फक्त शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे वायूने भरून तो पाण्यात तरंगतो.

वजनावर जाऊ नका. नॉटिलसच्या कुळातल्यांचेही जीवाश्म मिळतात, विकलेही जातात. खरी ओळख शिवणीत आहे. पडदा कवचाला आतून जिथे चिकटतो, तिथे एक रेघ उमटते. वरचं कवच घासून काढलं की ती दिसते. आत्याचा अमोनाइट मादागास्करचा, सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचा. तो दिव्याखाली तिरका धरला की कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारख्या नक्षीदार रेघा दिसतात, एकीत दुसरी गुंतलेली. मी दर वेळी त्या बोटाने गिरवते. नॉटिलसची रेघ साधी, हलक्या वळणाची.

मधोमध कापलेला नग असेल तर कप्प्यांतून जाणारी बारीक नळी शोधा. अमोनाइटमध्ये ती बाहेरच्या कडेला लागून जाते, नॉटिलसमध्ये पडद्यांच्या साधारण मधून.

आता वंशज म्हणण्याबद्दल. दिसायला सारखे असले तरी अमोनाइटचं जवळचं नातं माकूल (स्क्विड) आणि ऑक्टोपसशी आहे. नॉटिलस लांबचा भाऊबंद. 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच सुमारास, अमोनाइट संपले. त्यांची पिल्लं अगदी इवलीशी, पृष्ठभागाजवळ तरंगणारी असावीत आणि तिथलंच अन्न आधी संपलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. नॉटिलस मोजकी पण मोठी अंडी घालतो. त्यातून पिल्लू बाहेर यायला वर्षभर लागू शकतं. बहुधा याच सवयीने त्याला तारलं.

आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम आठवा. त्यावरचं चक्रही बहुतेक वेळा अमोनाइटचंच. आणि एवढं लांब तरी कशाला? धार जिल्ह्यात बाघ भागातल्या चुनखडीत अमोनाइट सापडतात, कारण सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं असतं, तर भूगोलाचा तास मी कधीच चुकवला नसता.

विकत घेताना एक लक्षात ठेवा: नॉटिलस आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. कुणी नवं, चकचकीत कवच समोर धरलं तर ते परत करा.